ताईची दुमजली नळी

ताईने आणि मी एकाच प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली. ती यंत्रं आखायची, मी काच फुंकून ती घडवायचो. घरी ती माझे कान उपटायची, कामावरही तेच. फक्त तिथे 'अहो' म्हणून.

तिची शेवटची नळी दोन मजली होती. तिच्यासाठी छताला भोक पाडलं होतं. पाण्यातही थोडं जड आणि थोडं हलकं असतं, दोघांच्या उकळण्यात केसाइतका फरक. म्हणून नळीतली हवा काढायची, पाणी खालून उकळायचं. वाफ वर जाऊन थंड व्हायची आणि थेंब नळीत भरलेल्या तारेच्या जाळीच्या कड्यांवरून पुन्हा खाली यायचे. असे पस्तीस दिवस गेले की मग कुठे तळाशी जड पाणी जमायचं. त्या बारीक कड्या ताईने जेवणाच्या सुट्टीत गप्पा मारत विणकामाच्या सुईवर वळल्या होत्या. आजही तशी सुई दिसली की त्या खोलीची ऊब आठवते.

मध्येच थेंबही काढायचा नाही, हा तिचा दंडक. "अहो, घरी सारखी झाकणं उघडून बघता, तसं इथे कराल तर याद राखा," असं तिने बजावलं होतं. पस्तिसावा दिवस नेमका तिच्या निवृत्तीच्या दिवशी येईल, असं तिने जमवून आणलं होतं. तळचं पाणी तोलल्यावर किती भरेल ते तिने कागदावर मांडलं होतं; तराजूवर तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, एवढीच तिची इच्छा.

तिसाव्या दिवशी माझे हात शिवशिवले. वाटलं, दोन थेंब तोलून ताईला आधीच खूशखबर देऊ. थेंब काढायला दोन तोट्या होत्या. आतलीतून थेंब मध्ये घ्यायचे, ती बंद करून मगच बाहेरची उघडायची. तोट्या मीच घडवलेल्या, आणि या शहाण्याने आतली बंद न करताच बाहेरची उघडली. सूं करून हवा शिरली, उकळी बसली, वरचं सगळं पाणी तळात उतरलं. महिनाभर वेगळं केलेलं पुन्हा एक झालं.

ताई धावत आली. "भाजलं नाही ना कुठे?" एवढंच म्हणाली आणि तिने हवा काढायचा पंप सुरू केला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाच दिवसांनी ती निवृत्त झाली. नळी मी सांभाळली. नव्या मोजणीच्या पस्तिसाव्या दिवशी ताई सकाळीच फाटकाशी येऊन उभी राहिली. ओळखपत्र जमा केलेलं, पहारेकरी काही आत सोडेना. मी तराजूवरचा आकडा तळहातावर लिहून धावत सुटलो. तिने कागदावर मांडला होता तोच! गजांतून हात बाहेर काढला. तिने चष्मा लावून आकडा वाचला, पुन्हा वाचला.

"काटा थांबायला किती वेळ लागला रे?" तिने विचारलं.

काटा हलत होता तेव्हा मी पेन शोधत होतो.