खॉक म्हणजे दूध

वानरांच्या मागे फिरलं की कामाची नोंद होते पानभर आणि किस्से साचतात वहीभर. मी पांढरकवड्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. सुट्ट्यांत फुलसावंगीजवळच्या एका बंजारा तांड्यापाशी जाऊन बसते, वानरांची पिल्लं आवाज वापरायला कशी शिकतात ते रेकॉर्ड करायला. सोबत माझी विद्यार्थिनी वंदना आणि तांड्यातले रूपसिंगकाका. काकांचं सोयाबीनचं शेत टोळीच्या वाटेवरच आहे, त्यामुळे त्यांची वानरांशी ओळख माझ्यापेक्षा फार जुनी!

*

पहिल्याच दिवशी मी काकांना समजावून सांगितलं, की धोका दिसला की वानर 'खॉक' असं भुंकतं आणि बाकीचे झाडावर चढतात. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग तोंडाने असा काही खॉक काढला, की वंदनाच झाडाकडे पळाली. पूर्वी शेत राखताना दगडगोटे लागतच नसत म्हणे, एवढ्यावर भागायचं.

टोळीतली दोन पिल्लंही सरसर वर गेली. मोठ्या माद्या मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"त्याइले माहीत हाय, हा रूपसिंग हाय म्हून," काका म्हणाले. "लहानग्याइले अजून समजाचं हाय."

एवढंच मी पुढे महिनाभर खपून चार पानांत लिहिलं.

*

एका पिल्लाने एकाच दिवसात गळणाऱ्या पानावर, बगळ्यावर आणि वंदनाच्या छत्रीवर खॉक केलं. आवाज बारीक, पण अगदी बरोबर. चुकत होता तो प्रसंग.

दर वेळी मोठी वानरं एकदा बघायची आणि पुन्हा खायला लागायची. रागावणं नाही, मारणं नाही. फक्त कोणी वर चढायचं नाही.

"मॅडम, आम्ही चुकीचं उत्तर दिलं की तुम्हीही अस्संच बघता," वंदना म्हणाली. मी रेकॉर्डर तपासायला घेतला.

*

त्याच पावसाळ्यात एक मादी विजेच्या तारेला चिकटून गेली. तिचं पिल्लू वाचलं, पण हात भाजला. वनरक्षकाने सांगितलं, हात बरा होईस्तोवर सांभाळा, मग टोळीत सोडून द्या.

सांभाळलं काकांच्या बायकोने. तिला सगळा तांडा याडी म्हणतो, म्हणजे आई. आम्हीही तेच म्हणायचो. याडी त्याला कापसाच्या बोळ्याने शेळीचं दूध पाजायची. पोट भरलं की ते घरच्या काळू कुत्र्याच्या कुशीत जाऊन झोपायचं.

पंधरा दिवसांनी मी गेले तर पिल्लू छपरावर होतं. काकांनी दुधाची वाटी उचलली आणि जोरात म्हणाले, "खॉक!" पिल्लू धावत खाली, थेट वाटीपाशी.

मी म्हटलं, काका, हे काय चाललंय?

"त्याची भाषा शिकवून राह्यलो ना मॅडम. आपली शिकून त्याले काय कराचं हाय?"

उद्या टोळीत खॉक झालं की सगळे वर जाणार, आणि हे एकटंच दूध प्यायला खाली येणार, कुत्र्यांच्या तोंडात! हे सांगितल्यावर काका दुपारी जेवले नाहीत. याडी त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही.

*

हात बरा झाल्यावर पिल्लाला सोडलं. पाचच मिनिटांत एका मादीने उचलून पोटाशी धरलं. वानरांमध्ये माद्या एकमेकींची पोरं सांभाळतात, ती काळजी मला नव्हतीच.

तिसऱ्या दिवशी गावातली कुत्री आली. टोळीच्या नराने खॉक केलं. सगळे वर, आमचं पिल्लू खाली! त्याच मादीने धावत येऊन शेपटीला धरलं आणि ओरडणाऱ्या पिल्लाला ओढत वर नेलं. पुढच्या आठवड्यात आणखी दोनदा हेच झालं.

चौथ्या वेळी मादी हललीच नाही. वरूनच बघत राहिली. पिल्लू खाली निघालं, मध्येच थांबलं आणि उलट फिरून वर गेलं. वंदनाने आणि मी एकमेकींना मिठीच मारली.

*

याडी इतके दिवस टोळीकडे फिरकली नव्हती. बघितलं की घरी आणावंसं वाटेल म्हणायची. हिवाळ्यात एका सकाळी आपणहून आली. पदराखाली दुधाची वाटी, मागे काळू.

पिल्लू मोहाच्या झाडाच्या खालच्या फांदीवर एकटं बसलं होतं. त्याने याडीकडे पाहिलं, काळूकडे पाहिलं आणि बारीक आवाजात खॉक केलं. सोडल्यापासूनचं त्याचं पहिलं खॉक.

मोठ्या वानरांनी एकदा खाली बघितलं. आणि सगळी टोळी सरसर वर चढली. पिल्लूही.

"काळूले बी वळखलं नाई त्यानं," काका हळूच म्हणाले.

याडीने पदराने डोळे पुसले. "बरं झालं," म्हणाली, आणि वाकून वाटी काळूपुढे ठेवली.