मामांच्या गाडीचा ऑइल पंप

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर चहा नाकात जातो. माझ्या शहाणपणाचं एक प्रकरण सांगतो. यात दुसऱ्या कुणाचाही दोष नाही, हे बायकोनं मला आधीच बजावून ठेवलंय.

माझे सासरे मुरबाडचे. त्यांना मी मामा म्हणतो. त्यांची एक जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल आहे, मुलाच्या म्हणजे दिनेशच्या जन्माच्या वर्षी घेतलेली. मामांची एकच हौस होती. दिनेशनं लग्न करून नवरीला देवळापासून घरापर्यंत याच गाडीवर आणायचं.

लग्नाआधी गाडी ठीकठाक करायचं काम मी अंगावर घेतलं. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. गाडी सापगावला माझ्या घरी आणली आणि चार व्हिडिओ बघितले. या गाडीला तेलाची वेगळी टाकी असते, तिच्यातून छोटा ऑइल पंप इंजिनाला लागेल तेवढं तेल देतो. व्हिडिओवाला म्हणाला, जुना पंप दगा देतो आणि इंजिन जाम होतं. पंप काढा, तेल मोजून पेट्रोलमध्येच मिसळा.

शहापूरचा बाळू मिस्त्री म्हणाला, "पंप चांगला हाय ना. कशाला त्याच्या वाटेला जातो?"

"तुला नाय कळायचं, बाळू."

तीस वर्षं इंजिनं खोलणाऱ्या माणसाला मी हे सांगितलं! बाळूनं गुपचूप पंप काढला आणि भोक पट्टी लावून बंद केलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मुरबाडला गाडीत पेट्रोल भरलं, मोजून तेल घातलं, गाडी मांडवाशेजारी लावली. तेवढ्यावर थांबावं की नाही? पण पुढेमागे कुणी नुसतं पेट्रोल भरलं तर? म्हणून तेलाची बाटली हँडलला अडकवली आणि मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली: 'तेल घातल्याशिवाय गाडी काढू नये.'

तासाभरानं बघतो तर बाटली अर्धी. माझं डोकं फिरलं. लग्नघरात नारळ जातात, चपला जातात, पण इंजिनाचं तेल? बाटली पुन्हा भरली. जेवणं झाल्यावर बघतो, तर रिकामी! परत भरली, आणि उगाच आचाऱ्याकडे संशयानं बघितलं.

संध्याकाळी लग्न लावून वरात देवळापाशी आली, गाडी पोरांनी ढकलतच आणली होती. दिनेशनं किक मारली, नवरी मागे बसली, मामांचे डोळे भरून आले. मग सगळ्यांचेच भरून आले, कारण धूर. इतका धूर, की वाजंत्री वाजवायचं थांबून खोकायला लागले. गाडी वीस पावलं गेली, दोनदा फुरफुरली आणि मेली.

बाळू वऱ्हाडात होताच. त्यानं प्लग काढला. प्लगमधून तेल ठिबकत होतं.

"टाकीत तेल कुणी घातलं?"

"मी," मी छाती काढून म्हणालो.

"मीबी थोडं घातलं," बायको म्हणाली. "चिठ्ठी बघितली, वाटलं तुमी विसरलात."

"मी पण," सासूबाई पदराआडून म्हणाल्या.

मामा खाली बघत होते. "निघताना मीबी अर्धी बाटली ओतली."

"अहो, मग मला विचारायचं ना!"

"जावईबापूंना कसं विचारायचं?" सासूबाई म्हणाल्या. "चारचौघांत बरं दिसतं का? म्हनलं, गुपचूप घालावं."

बाळू प्लग पुसत म्हणाला, "एक पंप काढलात आन् चार बसवलात."

नवरी गाडीवरून उतरली. शालू सावरत घरापर्यंत चालत गेली. दिनेश आणि मी गाडी ढकलत मागून. मामांनी हँडलवरची माझी चिठ्ठी काढून नीट घडी करून खिशात ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हाताऱ्यानं इतकी वर्षं जपलेली हौस मी वीस पावलांत संपवली, याचं मला खरंच वाईट वाटलं.

पंप बाळूनं जपून ठेवला होता. आठवड्याभरात परत बसला आणि मामांच्या सांगण्यावरून दिनेशनं नवरीला पुन्हा देवळापासून घरापर्यंत गाडीवर आणलं. मला बोलावणं नव्हतं.

दिवाळीला मुरबाडला गेलो, तर स्वागत तेच, पाट, औक्षण, करंज्या. त्या घरात जावयाला अजूनही कुणी तोंडावर काही बोलत नाही.

म्हणूनच गाडीच्या हँडलला मामांच्या अक्षरातली चिठ्ठी होती: 'जावयांनी हात लावू नये.'