न्हाणीमागचं अळू

चिपळूणचं घर बिल्डरला देऊन आईला मी इकडे परदेशात, बुकित पंजांगच्या फ्लॅटवर आणलं, त्याला वर्ष होत आलं. इथे तिची गट्टी जमली ती एकाच माणसाशी, शेजारच्या चिनी अंकलशी. ती मराठीत बोलणार, ते त्यांच्या इंग्लिशमध्ये, आणि मधल्यामध्ये मरण माझं.

ब्लॉकमागच्या रानात पूर्वी अंकलचं गाव होतं. सरकारने सगळ्यांना फ्लॅट देऊन गाव उठवलं आणि तिथे रान माजलं. आता त्याही जागी नवे ब्लॉक येणार. कुंपणाचे पत्रे ठोकले जायच्या आत घराची पायरी एकदा बघायची, म्हणून अंकल रविवारी आम्हाला घेऊन निघाले.

रान कसलं, नुसता चिखल! पाय घोट्यापर्यंत रुतत होते, डास फोडून काढत होते आणि अंकलना काही केल्या घर सापडेना. एका रंबुतानच्या झाडापाशी थांबले, मान हलवली, परत फिरले. त्यांचा चेहरा बघवेना. "चला आता घरी," मी वैतागून म्हटलं. तेवढ्यात आई ओरडली, "अगं बाई, अळू!"

दलदलीत खरंच अळू माजलं होतं. "म्हणजे वर न्हाणी असणार. सांडपाण्यावरच येतं ते. विचार त्यांना."

मी विचारलं. अंकल खो खो हसले. "नो बाथरूम लाह! पिग!"

डुकरांना घालायला त्यांच्या आईने लावलं होतं म्हणे. गणपतीत आम्ही ज्याचं फदफदं करतो, ते डुकरांना! आई "शिव शिव" म्हणाली. पण डुकरं इथे, म्हणजे घर वरच्या अंगाला.

चढावर शेवाळलेली पायरी निघाली. अंकल तिच्यावर बसले आणि हमसून हमसून रडले. आईने खाली चिखलातच चपला काढल्या आणि मग पायरीवर पाय ठेवला.

परतताना ती खुशीत होती. "आपलं न्हाणीमागचं अळू तेवढं राहू दे म्हणावं बिल्डरला. कोपऱ्यात येतं बिचारं, कुणाच्या अध्यात ना मध्यात."

शेवटी मी सांगून टाकलं. "आई, ते गेलं गं. जेसीबी आत यायला तीच बाजू मोकळी करायची, हे आधीच ठरलं होतं."

ती थांबली. चपलेचा चिखल गवताला पुसत राहिली.

"मग निघताना सांगायचंस ना," ती म्हणाली. "एखादा गड्डा काढून घेतला असता."