फुग्यातली गमक

"हलवायचं नाही, हलू द्यायचं," म्हणत ताई हाताची पालथी बोटं आमच्या गळ्याला अलगद टेकवायच्या. गमक घशात कुठे अडते हे त्यांना कानांच्या आधी बोटांनी कळायचं. बोटांना पसंत पडलं नाही की कपाळावर आठी. नेदरलँड्समधल्या झूटरमेर गावातल्या आम्ही बऱ्याच मराठी बायका ती आठी ओळखून होतो.

वयाने त्या माझ्याहून लहान, पण गाणं शिकवणारी म्हणून सगळ्यांची ताई. नवऱ्याच्या व्हिसावर आल्या, काही दिवस खिडकीतून पाऊस बघितला आणि मग स्वतःचा वर्ग काढून मोकळ्या झाल्या. कोणाला विचारत बसायचा स्वभावच नव्हता.

गमक म्हणजे सूर एका जागी न ठेवता शेजारच्या सुराशी भराभर, जोरात झुलवायचा. वाचायला सोपं आहे. करायला बसा, गळ्यातून बकरी निघते. माझ्या गळ्यातून तर कळपच निघाला.

शेजारच्या डच आजींनी एकदा कुंपणावरून विचारलं, हे काय चाललंय? ताईंना शब्द सुचेना, म्हणून त्यांनी हवेत हात थरथरवून दाखवला. आजी म्हणाल्या, "ट्रिलन." त्या शब्दाने ताईंना वेडच लावलं. खिशातला फोन ट्रिलन करतो, कपडे धुणारं मशीन करतं, थंडीत गुडघे करतात, म्हाताऱ्यांचे हात करतात. एवढ्याशा शब्दाला किती कामाला जुंपलंय, असं म्हणून त्या हसायच्या. आपल्याकडे गळ्याला आणि मशीनला एकाच पंगतीत कोणी बसवलं असतं का, असं वर विचारायच्या.

मग महामारी आली. दीड मीटर लांब राहायचं, तर गळ्याला बोट कसं लावणार? त्याच सुमारास माझी पन्नाशी झाली. इथे पन्नाशीच्या बाईच्या अंगणात भलीमोठी बाहुली उभी करतात, फुगे बांधतात. पाहुणे रद्द झाले, फुगे उरले. ताईंनी त्यातला एक उचलला, सायकलच्या पंपाने भरला, कारण तोंडाने फुंकायचे दिवस नव्हते. तो दोन्ही तळहातांत धरून त्या बागेच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, गा. मी गायले. फुगा त्यांच्या हातात थरथरला आणि कपाळावर आठी आली. वर्ग पुन्हा सुरू झाला.

त्यांचे वडील मिरजेला असत, मुलाकडे. ताईंचे गुरूही तेच. आमच्या सकाळी, म्हणजे तिकडच्या दुपारी, ताई त्यांना रोज व्हिडिओवर गाऊन दाखवायच्या. एक दिवस ते म्हणाले, "सपाट गातेस." दुसऱ्या दिवशीही तेच. ताई माझ्या दाराशी आल्या तेव्हा चेहरा उतरला होता. "मी रियाज सोडला असं वाटतंय त्यांना," त्या म्हणाल्या. "विमानं बंद. पुढ्यात जाऊन बसू तरी कशी?"

मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. बघितलं, तर त्यांचा लॅपटॉप गमकेला पंख्याची घरघर समजून पुसून टाकत होता. ती आवाज साफ करायची सोय मी बंद केली. वाटलं, सुटलं कोडं. पण वडील पुन्हा म्हणाले, सपाट.

मग भावाने ताईंना वेगळा फोन करून सांगितलं. बाबांचे कान जात चालले होते आणि ते कबूल करत नव्हते. शब्द कळत, झोके कळत नसत. लेकीने गाणं टाकलं अशी समजूत घेऊनच ते जातील, या भीतीने ताईंना जेवण जाईना. मलाही त्यांच्याकडे बघवेना.

दोन-तीन दिवस गेले. मग ताईंनी भावाला मोठा स्पीकर आणायला सांगितला. आणि एक फुगा.

त्या सकाळी मी त्यांच्या बागेच्या दारात उभी होते. पडद्यावर ताईंच्या वहिनींनी स्पीकर बाबांच्या मांडीजवळ ठेवला आणि फुगा हातात दिला. बाबांनी तो क्षणभर धरला आणि चिडून खाली ठेवला. "हा माझाच हात हलतोय," ते म्हणाले.

"हातात नको बाबा, छातीशी धरा," ताई शब्द तोडून तोडून, मोठ्याने म्हणाल्या.

त्यांनी फुगा छातीशी घेतला, वर हनुवटी टेकवली. ताईंनी खालचा सूर लावला आणि गमक घेतली. बाबांनी डोळे मिटले. ताई गात राहिल्या. आणि मग पडद्यावरच्या त्या कपाळावर हळूहळू आठी आली. अगदी तीच, आमच्या ओळखीची.

"दुसऱ्या झोक्याला घाई केलीस," बाबा म्हणाले. "परत घे."

ताईंनी पदर नव्हता म्हणून स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले आणि परत घेतली. ओरडा खाऊन इतकं सुखावलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

विमानं सुरू झाली तशा त्या मिरजेला गेल्या. म्हणाल्या होत्या, महिनाभर. पुढे नवऱ्यानेही तिकडूनच काम करायची सवलत मागून घेतली आणि घर रिकामं झालं. सायकलचा पंप मात्र त्या माझ्या दारात ठेवून गेल्या होत्या.

मी अजून फुगा भरते. गमक लागली की तळहातांना कळतं. चुकली की मात्र नुसती चुकते. समोर आठी घालणारं कोणी नसतं.