उशिरा हसणारी मावशी

आमच्या पाळणाघरात पोरं जेवायची ती माझ्या धाकट्या जावेचं, म्हणजे त्यांच्या मावशीचं, तोंड बघून. पोराच्या ओठांशी चमचा नेला की आधी हिचंच तोंड उघडायचं आणि पोराचं आपसूक मागोमाग. पोर रडवेलं झालं की हिचाही ओठ बाहेर. मी चिडवायचे, "जेवतात ती आणि जबडा दुखतो तुझा!"

मग ती जिन्यावरून पडली आणि डोक्याला मार बसला. बरी होऊन परतली तेव्हा हात-पाय, बोलणं, सगळं ठणठणीत. चेहरा मात्र कोरा. पोरं हसायची, ही नुसती बघत राहायची. चमचा पुढे जाई, पण तोंड ना हिचं उघडे ना त्यांचं. डॉक्टर म्हणाले, "चेहरा हलतो. समोरच्याचं बघून आपोआप हलणं तेवढं गेलंय."

एका मुलीच्या आईने स्पष्टच सांगितलं, "पोरगी घाबरते यांना. दुसरं कुणी ठेवा, नाहीतर आम्ही निघालो." तिच्या मागे बाकीचेही जाणार, हे उघड होतं.

"ताई, आत मला सगळं वाटतं हो," जाऊ रडत म्हणाली. "तोंडालाच खबर जात नाही."

"मग तू दे खबर!" मी खेकसले. माझ्या सहनशक्तीची ख्याती घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

रोज दुपट्यांच्या घड्या घालताना मी तिच्यापुढे तोंडं वेडीवाकडी करायची, तिने बघून मुद्दाम तशीच करायची. जमायचं, पण उशिरा. माझं हसू ओसरून कपाळाला आठी पडली की हिचं हसू उगवायचं.

शेवटी ती आई मुलीला कायमचं न्यायलाच आली, खुंटीवरची पोरीची पिशवीही काढून घेतली. मुलगी जेवणाच्या खुर्चीत, तोंड घट्ट मिटून. जावेने चमचा उचलला आणि थोड्या वेळाने "आ" केला. मुलगी टकामका बघू लागली. तिने जांभई दिली. क्षणभराने मावशीचीही जांभई. तिने गाल फुगवले. थांबली. मावशीचे गाल फुगले! पोरीला कळलं, आज हुकूम आपला चालतो. ती खदखदून हसली, आणि त्या उघड्या तोंडात चमचा अलगद आत गेला. बाकीची पोरं रांगत येऊन खुर्चीला लटकली. सगळ्यांना आपापलं तोंड मावशीच्या तोंडावर बघायचं होतं. वाटी चाटूनपुसून साफ!

मला तर टाळ्याच पिटाव्याशा वाटल्या, आणि मी पिटल्याही.

दारातल्या आईने इकडेतिकडे पाहिलं, हळूच स्वतःचे गाल फुगवले आणि जावेकडे बघत थांबून राहिली. जावेचे गाल फुगल्यावरच तिने पोरीची पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली.