सासऱ्यांची गोळी

आमच्या कोपरखैरण्याच्या घरात बीपी होतं ते फक्त सासऱ्यांना, आणि बीपी म्हणजे हायच, अशी सगळ्यांची समजूत. मार्केटात पोती वाहून वाहून थकलेल्या माणसाला ते जडलं आणि आम्हा सगळ्यांचंच जेवण अळणी झालं. मी ताटात वरून मीठ घेतलं की सासूबाईंचं तोंड वाकडं. त्यात मार्गशीर्षातले गुरुवार, तेही निर्जळी, त्यांनीच माझ्या मागे लावून दिलेले.

नोकरी मात्र माझी स्वतःची होती. रबाळ्याच्या कारखान्यात रेडिओचे सुटे भाग जोडायचे. तिथे माझ्या हाताला मान होता. खरं सांगायचं तर घरापेक्षा तिथेच मला बरं वाटायचं.

अशाच एका गुरुवारी कामावरून आले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. सासूबाईंनी सासऱ्यांच्या डबीतली गोळी काढली. "ह्यांस्नी बी असंच गरगरतं. घे, गुमान गिळ." प्रेमानेच दिली, ते मी नाकारत नाही. थोड्या वेळाने आरतीला म्हणून उठले ती थेट मोरीपाशी आडवी.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला आणि ते भडकलेच. "अहो, हिचं बीपी आधीच लो. त्यावर ते आणखी उतरवायची गोळी दिलीत?" मग नवऱ्याला समोर बसवून समजावलं. अंगात पाणी नाही, मीठ नाही, पोटात अन्न नाही. अशात माणूस उठून उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं, डोक्याला पुरत नाही. उपास बंद करा, पाणी पाजा, दुसऱ्याची गोळी कधीच देऊ नका. बरं वाटलं की कामावर जायला हरकत नाही, हेही ते स्पष्ट बोलले. नवरा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता.

दोन-चार दिवसांनी कामावर गेले, तर माझ्या स्टुलावर दुसरी मुलगी. सुपरवायझर म्हणाले, "तुमच्या मिस्टरांचा फोन आलेला. तब्येतीला झेपत नाय, आता येणार नाय बोलले."

घरी येऊन मी विचारलं, "मला एका शब्दाने विचारलंत का?"

"तुझ्या तब्येतीसाठीच केलं ना? उगाच टेन्शन कशाला? घरात बस, बरी होशील."

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! डॉक्टरांनी सांगितलेलं एकूण एक कारण घरातलं होतं, आणि बंद झाली ती नोकरी. ते मी त्याला अजून माफ केलेलं नाही.