साक्षीदार जनूची थरथर

जनू तसा कुणाला भीक घालणारा माणूस नव्हता. पण पेणच्या कोर्टात त्याच्याइतका घाबरट दुसरा सापडला नसता. खाडीकाठच्या मिठागरात राबणारा हा गडी पावसाळ्यात काम बंद झालं की भाऊसाहेब वकिलांसाठी साक्षी द्यायचा. कुणाच्या बांधावर मारामारी झाली की जनू तिथे हजर! म्हणजे, नसला तरी हजर.

आणि साक्ष तरी कशी? पिंजऱ्यात चढताना पायरी चुकायची. नाव विचारलं की आधी बापाचं सांगायचा, मग जीभ चावायचा. टोपी हातात घेऊन पिळायचा, ती पडायची, उचलायला वाकला की कठड्यावर डोकं आपटायचं. मग पाणी मागायचा आणि निम्मं सदऱ्यावर सांडायचा. इतका बावरलेला माणूस खोटं कशाला बोलेल? न्यायाधीशच म्हणायचे, "घाबरू नकोस, सावकाश सांग." बाहेर येऊन हाच गडी बशीतला चहा थेंबही न सांडता फुरके मारत प्यायचा. गावच्या बाया त्याच्या बायकोला चिडवायच्या, "ठमे, घरात पन असाच थरथरतो का गो?"

"मला बगून खराच थरथरतो!" ठमाबाई हसून म्हणायची.

ते हसू रंभाबरोबर गेलं. रंभा त्यांची एकुलती लेक, रोह्याला दिलेली. जनू तिला माहेरी आणायला गेला, त्या दुपारी जावयाने, गोविंदाने, तिला विहिरीत लोटलेलं त्याने लांबून पाहिलं. "बाबा!" अशी तिची हाकही ऐकली. धावत पोचला तेव्हा पाणी स्थिर झालं होतं. पाय घसरला, असं गोविंदा सांगत सुटला. पाहणारा जनू एकटाच.

रोह्याला खटला उभा राहिला, आणि गोविंदाने वकील दिले ते नेमके भाऊसाहेब.

निघताना ठमाबाई म्हणाली, "अवो, आज सोंग नको. झालं तसं सांगा."

"ताठ उभ्या मान्साला कोर्टात कोन खरा मानतोय गो? मला ठाव हाय ना!"

लेकीसाठी त्याने काही म्हणता काही कमी ठेवलं नाही. पायरी चुकला. बापाचं नाव सांगितलं. आवाज बसवला. इतक्यात भाऊसाहेब उठले.

"साहेब, पेणला मी याला पुष्कळदा पाहिलंय. आता टोपी पडेल."

टोपी सुटलीच होती.

"आता डोकं आपटेल. मग पाणी मागेल."

कोर्टात हशा पिकला. वाकलेला जनू तसाच थिजला. मग टोपी खालीच ठेवून तो सरळ उभा राहिला. "लोटली, साहेब. माझ्या डोळ्यांदेखत लोटली." आवाजात कंप म्हणून नव्हता.

"बघा," भाऊसाहेब म्हणाले, "गेली की हो सगळी भीती!"

गोविंदा सुटला.

रोह्याच्या एस.टी. स्टँडवर दोघं पेणच्या गाडीची वाट बघत बसली. ठमाबाईच्या मांडीवर ती टोपी होती. कोर्टातून निघताना तिनेच उचललेली. त्याच्याकडे न बघता तिने विचारलं, "तिनं हाक मारली... ती तरी खरी व्हती ना, वो?"

जनूने तोंड उघडलं. पण कुठे बघावं, हात कुठे ठेवावेत, आवाज कसा काढावा, म्हणजे हिला खरं वाटेल, हे त्याला काही केल्या सुचेना.